नळीचं भोक मोठं, मग गाळतं कोण?

सेमिनारमध्ये मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "नॅनोट्यूब म्हणजे अतिसूक्ष्म गाळणी. कार्बन डायऑक्साइड आरपार जातो, मिथेन अडकतो." सरांनी शांतपणे विचारलं, "नळीचं भोक केवढं? मिथेनचा रेणू केवढा?" माझी बोलतीच बंद! मित्रांनो, मग उत्तर शोधायला बसलो, त्यातून जे कळलं ते इथे मांडतोय.

जमिनीतून निघणारा नैसर्गिक वायू म्हणजे निव्वळ मिथेन नव्हे. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, कधी विषारी हायड्रोजन सल्फाइडही. ओलावा मिळाला की हे वायू आम्लधर्मी होऊन पाइप खातात. मुंबईजवळच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राचा वायू असाच 'सॉवर' आहे. तो शुद्धीकरणासाठी पाइपलाइनने गुजरातेत हजिऱ्याला नेतात.

रूढ पद्धतीत अमाइनचं द्रावण हे वायू शोषून घेतं. पण ते द्रावण पुन्हा वापरायचं तर तापवावं लागतं, आणि तिथे ऊर्जा खर्ची पडते. पॉलिमरच्या पडद्याला म्हणजे मेम्ब्रेनला हे तापवणं लागत नाही, दाबावर काम भागतं. सेल्युलोज अॅसिटेटचे असे पडदे १९८० च्या दशकापासून वापरात आहेत.

गंमत म्हणजे या पडद्याला भोकं नसतात. वायू पॉलिमरमध्ये विरघळतो आणि साखळ्यांमधून वाट काढत पलीकडे निघतो. कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, शिवाय त्याचा रेणू बारीक (०.३३ नॅनोमीटर, मिथेन ०.३८), म्हणून तो पुढे जातो. अडचण अशी, की पडदा वेगवान केला की निवड ढिली पडते. रॉब्सन यांनी १९९१ मध्ये ही मर्यादा आलेखावर रेषेने दाखवली. २००८ मध्ये ती सुधारली, रेषा वर सरकली, पण पुसली गेली नाही. निवड ढिली म्हणजे मिथेनही निसटणार. इंधन वाया जाणार, आणि हवेत सोडलं तर तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त हातभार लागणार.

इथे कार्बन नॅनोट्यूब येतात. त्यांच्या आतल्या भिंती इतक्या गुळगुळीत, की वायू त्यातून झिओलाइटपेक्षा कित्येक पटींनी वेगाने धावतील, असं २००२ मधल्या संगणकीय अभ्यासात दिसलं. पण एकपदरी नळीचं भोकही साधारण १ नॅनोमीटरचं, म्हणजे मिथेन त्यातून आरामात जातो! थोडक्यात, नळी हा एक्सप्रेस हायवे, टोलनाका पॉलिमरच.

तेही सगळं जमलं तर. नळ्या एकमेकींना चिकटून गुंतवळ होतो. पॉलिमर त्यांना नीट धरत नाही, मध्ये फट राहते आणि दोन्ही वायू तिथून पळतात. म्हणून आधी नळ्यांना आम्लाची प्रक्रिया देतात. त्याने बंद टोकं उघडतात आणि पृष्ठभागावर पॉलिमरला धरणारे गट बसतात. मग अल्ट्रासाउंडने गुठळ्या फोडून थोड्याच नळ्या मिसळायच्या.

तेव्हा प्रोजेक्टसाठी पेपर वाचताना दोन आकडे शेजारी ठेवून बघा. वेग वाढलाय पण निवड घसरलीय? मग नळीचं कौतुक करण्याआधी फट शोधा.