आफ्रिकेतील सिक्लिड मासे : वाळूची निवड आणि माशांची निवड

पूर्व आफ्रिकेचा नकाशा पाहिला असता उत्तर-दक्षिण पसरलेल्या लांबट तलावांची एक रांग सहज नजरेत भरते. लक्षावधी वर्षांपूर्वी या प्रदेशातील भूकवच ताणले जाऊन दुभंगू लागले, मधली जमीन खचली आणि त्या खचदरीत पाणी साचून टांगानिका व मलावी हे विशाल तलाव निर्माण झाले. टांगानिका सुमारे ६७० किलोमीटर लांब असून त्याची खोली जवळजवळ दीड किलोमीटर आहे. मलावीची खोली सुमारे ७०० मीटर आहे. बर्टन व स्पीक हे प्रवासी १८५८ साली टांगानिकाच्या काठी पोहोचले आणि पुढच्याच वर्षी लिव्हिंग्स्टनने मलावी तलाव पाहिला. काठावरच्या कोळ्यांना मात्र या पाण्यातील मासे कित्येक पिढ्यांपासून ठाऊक होते.

या तलावांत सिक्लिड नावाच्या एकाच कुळातील माशांनी असंख्य रूपे धारण केली आहेत. टांगानिकात त्यांच्या २०० हून अधिक जाती आहेत आणि मलावीत तर त्यांची संख्या कित्येक शेकड्यांत जाते. यांतील बहुतेक जाती पृथ्वीवर अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. हे कूळ भारताला अगदीच परके नाही. केरळात करिमीन आणि गोव्यात कालुंदर या नावाने ओळखला जाणारा खाडीतील मासा याच कुळातला आहे.

निळ्या, पिवळ्या, नारिंगी रंगांमुळे आफ्रिकेतील सिक्लिड आज जगभर काचेच्या टाक्यांतून पाळले जातात. टाकी मांडताना सामान्यतः मासे रंगावरून निवडले जातात आणि वाळू शोभेसाठी घेतली जाते. पुष्कळ टाक्यांतील माशांच्या अकाली मृत्यूचे मूळ या उलट्या क्रमात असते. योग्य क्रम असा : प्रथम तलाव ठरवावा, मग त्या तलावातील ठिकाण ठरवावे आणि त्या ठिकाणाला साजेशी वाळू व मासे यांची निवड एकत्र करावी.

पाण्याचा स्वभाव

पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे सामू या मापाने सांगतात. सामू ७ असेल तर पाणी उदासीन, त्याखाली आम्लधर्मी व त्यावर अल्कधर्मी असते. मलावीच्या पाण्याचा सामू साधारणपणे ७.७ ते ८.६ यांच्या दरम्यान असतो. टांगानिकाचा त्याहून अधिक, म्हणजे ९ च्या आसपास असतो. दोन्ही तलावांच्या पृष्ठभागाजवळचे पाणी वर्षभर सुमारे २४ ते २८ अंश सेल्सिअस इतके उबदार राहते. तलाव अवाढव्य असल्यामुळे या गुणांत एका दिवसात फारसा बदल होत नाही. तेथील माशांचे शरीर या स्थैर्याला सरावलेले असते.

काचेच्या टाकीत असे स्थैर्य आपोआप येत नाही. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजताना जी रासायनिक क्रिया घडते, तिच्यामुळे पाणी हळूहळू आम्लाकडे झुकते. या झुकण्याला आवर घालण्याच्या कामी वाळूचा उपयोग होऊ शकतो.

वाळूची परीक्षा

बाजारात मिळणाऱ्या वाळूचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. पहिली गारेची वाळू. तिचे कण सिलिकाचे असल्यामुळे पाण्यात त्यांचा काहीही अंश उतरत नाही. दुसरी चुनखडीयुक्त वाळू. हिच्यात कॅल्शियम कार्बोनेट असते. पाणी आम्लाकडे झुकू लागले की हे द्रव्य किंचित विरघळते आणि पाण्याला पुन्हा सावरते. दोहोंतील भेद ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. कोरड्या वाळूवर व्हिनेगरचे काही थेंब टाकावे. बुडबुडे उठले तर वाळूत चुनखडी आहे असे समजावे आणि न उठले तर ती बहुधा गारेची आहे असे मानावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चुनखडीची वाळू पाण्याचा सामू वाटेल तितका वाढवीत नाही. पाणी पुरेसे अल्कधर्मी झाले की तिचे विरघळणे जवळजवळ थांबते. म्हणून वाळू विकत घेण्यापूर्वी नळाचे किंवा विहिरीचे पाणी तपासावे. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे पाणी मुळातच दुष्फेन, म्हणजे साबणाला सहजासहजी फेस येऊ न देणारे असते. अशा ठिकाणी गारेची साधी वाळूही चालते. पाणी सुफेन असेल तेथे चुनखडीच्या वाळूची जोड द्यावी.

समुद्रकिनाऱ्यावरून वाळू उचलून आणणे टाळावे, कारण तिच्यात मीठ व अन्य घाण असते. टाकीसाठी प्रवाळ गोळा करणे तर सर्वथा वर्ज्य होय. भारतात प्रवाळांना वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलेले आहे.

वाळू तोंडात घेणारे मासे

वाळूचा दुसरा गुण म्हणजे तिच्या कणांचा आकार. पुष्कळ सिक्लिड वाळू तोंडात घेतात, तिच्यातील सूक्ष्म किडे व अळ्या वेचून गिळतात आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतात. कण धारदार असतील तर तोंडाला व कल्ल्यांना जखमा होतात. ते वाटाण्याएवढे जाड असतील तर माशाला चाळण्याचे काम करताच येत नाही. म्हणून एक मिलिमीटर किंवा त्याहून थोड्या कमी जाडीची, गोलसर कणांची वाळू उत्तम. चिमूटभर वाळू दोन बोटांत चोळून पाहावी. बोचल्यास ती घेऊ नये. अगदी पांढऱ्या शुभ्र वाळूवर अनेक मासे फिके पडतात, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वाळूचे वजन आधीच काढून ठेवावे. १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद अशा टाकीत ५ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावयाचा असेल, तर २७ लिटर वाळू लागते. तिचे वजन सुमारे ४० किलोग्रॅम भरते. त्यात पाण्याचे दोनशेहून अधिक किलोग्रॅम आणि दगडांचे वजन मिळवले म्हणजे टाकीखालचे मेज किती भक्कम हवे याची कल्पना येते. वाळू बादलीत घेऊन, वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावी.

दगड नेहमी टाकीच्या तळावर टेकवून रचावे आणि वाळू त्यानंतर पसरावी. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची वाळू सिक्लिड तोंडाने उपसून काढतात. मग दगड कलंडतो. त्याखाली मासा चिरडला जातो किंवा काच फुटते.

ठिकाणानुसार माशांची निवड

मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरील सिक्लिडांना तेथील टोंगा भाषेत म्बुना म्हणतात. खडकांवर वाढणारे शेवाळ खरवडून खाणे हा त्यांच्यातील बहुतेकांचा उद्योग होय. त्यांच्यासाठी दगडांच्या उंच राशी व त्यांमधील फटी हव्यात आणि वाळूचा पातळ थरही पुरतो. मांसाहारी अन्न वारंवार दिल्यास शेवाळ खाणाऱ्या जातींचे पोट बिघडते. प्रारंभ करणाऱ्याने पिवळा लॅबिडोक्रोमिस निवडावा. इतर म्बुनांच्या मानाने हा मासा शांत असतो. त्याच्या सेरुलियस या शास्त्रीय नावाचा अर्थ मात्र निळा असा आहे. १९५६ साली फ्रायर या शास्त्रज्ञाने या जातीचे वर्णन केले, तेव्हा त्याच्यापुढे पिवळे मासे नव्हते.

म्बुनांत नर आपापली हद्द राखतात व मादीचा सतत पाठलाग करतात. म्हणून एका नरामागे निदान तीन माद्या ठेवाव्या. मादी अंडी तोंडात घेऊन सुमारे तीन आठवडे उबवते आणि या काळात ती जवळजवळ उपाशी असते. तिला लपण्यासाठी फट मिळाली नाही तर पिलांची आशा धरू नये. एकमेकांशी जवळचे नाते असलेल्या व सारख्या दिसणाऱ्या जाती एकत्र ठेवणेही अयोग्य. त्यांच्यात संकर होतो आणि जातीची शुद्धता कायमची नष्ट होते.

मलावीच्या उघड्या वाळूवर वेगळेच नाट्य चालते. काही जातींचे नर विणीच्या हंगामात वाळूचे ढीग रचून त्यांवर माद्यांना बोलावतात. निंबोक्रोमिस लिव्हिंग्स्टनी हा शिकारी मासा वाळूवर आडवा पडून मेल्याचे सोंग घेतो आणि कुरतडण्यास जवळ येणाऱ्या लहान माशांवर झडप घालतो. असे मासे मोठे होतात. त्यांना मोठी टाकी, दगडांऐवजी मोकळी वाळू आणि तोंडात न मावणारे सोबती हवेत.

ज्या शाळेत जागा थोडी आहे, तेथे टांगानिकाचे शंखवासी सिक्लिड विशेष उपयुक्त ठरतील. निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस हा मासा अवघा चार-पाच सेंटिमीटर लांबीचा असतो. टांगानिकाच्या तळावर गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांचे थर साचलेले आहेत आणि त्या शंखांत हा मासा राहतो, तेथेच अंडी घालतो. ६० सेंटिमीटर लांबीच्या टाकीतही त्यांची वसाहत नांदते. येथे मात्र वाळू ५ ते ७ सेंटिमीटर खोल व बारीक असावी, कारण हे मासे शंखाभोवतालची वाळू उपसून त्याला मनाजोगे बसवतात. भातशेतात सापडणाऱ्या गोगलगाईंचे रिकामे शंख स्वच्छ उकळून वापरता येतात. विद्यार्थ्यांना एका बाकाएवढ्या जागेत घर, शेजार आणि सीमेवरचे तंटे यांचे निरीक्षण करता येईल.

मासे आणण्याची घाई नको

वाळू आणि गाळणी यांच्यात काही उपयुक्त जीवाणू वस्ती करतात. माशांच्या मलातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे ते प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. सिक्लिडांच्या टाकीत या विलंबाला विशेष महत्त्व आहे, कारण सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश सुमारे १० पट होतो. जे पाणी या माशांना मानवते, तेच पाणी अस्वच्छ झाल्यास त्यांना अधिक लवकर मारते. म्हणून मासे थोडे थोडे आणावे आणि दर आठवड्याला काही पाणी बदलावे.

टाकीबाहेरची जबाबदारी

पाळणाऱ्याची जबाबदारी टाकीच्या काचेपाशी संपत नाही. याच प्रदेशातील व्हिक्टोरिया तलावात १९५० नंतरच्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला. १९८० नंतरच्या दशकात त्या तलावातील सिक्लिडांच्या शेकडो जातींपैकी बहुसंख्य जातींना ओहोटी लागली व अनेक नाहीशा झाल्या. काही जाती आज केवळ प्राणिसंग्रहालयांच्या व प्रयोगशाळांच्या टाक्यांतून तगून आहेत. आफ्रिकेतीलच तिलापिया हा सिक्लिड १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज तो येथील अनेक नद्यांत व तळ्यांत पसरला आहे. यावरून एवढा बोध घ्यावा की नकोसा झालेला मासा विहिरीत, नदीत किंवा तळ्यात कधीही सोडू नये. तो दुसऱ्या जाणकार पाळणाऱ्याच्या स्वाधीन करावा.

मलावी तलावाच्या दक्षिण भागातील राष्ट्रीय उद्यानाला १९८४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो मुख्यतः या माशांमुळे. त्या वारशातील एखादा जीव शाळेच्या वा वाचनालयाच्या कोपऱ्यात आणावयाचा असेल, तर त्याच्या रंगाइतकाच त्याच्या पायाखालच्या वाळूचाही अभ्यास केला पाहिजे. ज्याने वाळू पारखून घेतली, त्याने माशाच्या गरजांपैकी अर्ध्याअधिक गरजा ओळखल्या असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.