निरनिराळ्या रस्त्यांवर मोटारसायकल कशी चालवावी

बियाण्याची पिशवी, दुधाच्या किटल्या किंवा फवारणीचा पंप घेऊन शेतकरी हल्ली मोटारसायकलवरूनच ये-जा करतो. शेतापासून बाजारापर्यंतच्या एकाच फेरीत त्यास पाणंद, मुरमाचा रस्ता, फरशी पूल व डांबरी सडक असे सर्व प्रकार लागतात. रस्ता बदलला तरी वेग तोच ठेवणे, हे अनेक अपघातांचे मूळ होय. घरचा कर्ता माणूस ऐन हंगामात जायबंदी झाला, तर घराबरोबर शेतीही अडते. म्हणून या विषयाकडे दुर्लक्ष करू नये.

पकड व वेग : मोटारसायकलचे प्रत्येक चाक जमिनीस जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकते. थांबणे व वळणे ही दोन्ही कामे तेवढ्याच जागेच्या पकडीवर होतात. सारी पकड ब्रेक लावण्यात खर्च झाली, तर वळण्यास काही उरत नाही व गाडी घसरते. यास्तव वेग वळणावर नव्हे, तर वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच कमी करावा.

ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एवढे अंतर कापले जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते.

कोरडी डांबरी सडक : दोन्ही ब्रेक एकत्र व क्रमाक्रमाने दाबावेत. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून थांबविण्याचे अधिक काम पुढचा ब्रेक करतो. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबू नये.

मुरूम, खडी व चिखल : येथे पुढचे चाक अडकून घसरले की तोल सावरत नाही. पुढचा ब्रेक अगदी हलका लावावा, खालचा गिअर ठेवावा व हँडल एकदम फिरवू नये. ट्रॅक्टरच्या चाकांनी सडकेवर आलेला चिखल व वाळत घातलेले धान्य यांवरही हाच नियम पाळावा.

पावसाळा : पहिल्या सरीत रस्त्यावरील तेल व धूळ मिसळून निसरडा थर होतो, तो धुऊन जाईपर्यंत विशेष जपावे. फरशी पुलावरून पाणी वाहत असल्यास गाडी घालू नये. खालची फरशी खचली असली तरी वरून ती दिसत नाही.

घाट : उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करू नये किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी आवरते व ब्रेक तापून निकामी होत नाहीत.

रात्र व धुके : दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग असावा. ऊसतोडणीच्या हंगामात दिवा नसलेली ट्रॉली रस्त्याकडेला उभी असू शकते. ट्रॉलीच्या मालकांनीही मागे लाल चमकपट्ट्या अवश्य लावाव्यात.

ओझे व हेल्मेट : किटल्यांचे वजन दोन्ही बाजूंस सारखे ठेवावे. टायरमधील हवा आठवड्यातून एकदा तपासावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे चालकामागे एकच व्यक्ती बसविता येते. हेल्मेट भारतीय मानक चिन्हाचे असावे व त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधावा. हँडलला अडकविलेले हेल्मेट डोके वाचवीत नाही.

प्रात्यक्षिक : गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रहदारी नसलेल्या कोरड्या, टणक मैदानावर फक्कीची रेघ मारावी. हेल्मेट घातलेल्या अनुभवी चालकास प्रथम ताशी २० व नंतर ४० किलोमीटर वेगाने येऊन रेघेवर ब्रेक लावण्यास सांगावे. गाडी थांबल्याच्या दोन्ही जागी खुंट्या ठोकाव्यात व अंतरे पावलांनी मोजून दाखवावीत. वेग आवरण्याचे महत्त्व व्याख्यानापेक्षा या दोन खुंट्या शेतकरी बंधूंना अधिक चांगले पटवून देतील.