अर्धं म्हणजे किती? सिंथेसायझर, हात आणि कान

विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचं सिंथेसायझरशी काय काम? पण प्रश्न आमच्याच घरातला आहे. आपण मोजतो ते आणि आपल्याला जाणवतं ते, एकच असतं का?

आधी यंत्र समजून घेऊ. सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणजे संगणकात चालणारं वाद्य. त्यात एका गोष्टीनं दुसरी गोष्ट हलवायची, याला मॉड्युलेशन म्हणतात. कीबोर्डचं चाक फिरवलं की स्वर थरथरू लागतो, पट्टी जोरात दाबली की आवाज उजळतो. चाकाकडून बहुधा ० ते १२७ यांपैकी एक आकडा जातो. मिडी नावाचा हा ठराव १९८३ सालापासूनचा. त्या आकड्याचं पुढे काय करायचं, हे एक रेषा ठरवते. आडवी हाताची हालचाल, उभा आवाजातला बदल. रेषा सरळ असली तर निम्मं चाक म्हणजे निम्मा बदल. न्याय्य वाटतं ना? पण निम्मं कुणाच्या हिशेबानं?

षड्ज २४० हर्ट्झचा धरा. वरचा षड्ज ४८०. आकड्यांचा मध्य ३६०, म्हणजे पंचम. आता कानाला विचारा. कान वजाबाकी करत नाही, तो पटीत ऐकतो. २४० ते ४८० दुप्पट, ४८० ते ९६० हीही दुप्पट; म्हणून दोन्ही सप्तकं त्याला सारखीच वाटतात. मग कानाचा मध्य येतो ३३९च्या आसपास, म्हणजे तीव्र मध्यम. हर्ट्झच्या सरळ रेषेनं षड्जावरून षड्जावर घसरत गेलात, तर अर्ध्या वेळात पंचम गाठलेला असतो. सुरुवात घाईची, शेवट रेंगाळलेला. इंद्रियांचा हा स्वभाव फेखनर या जर्मन विचारवंतानं १८६०च्या ग्रंथात गणितात मांडला.

फिल्टरवर हे फारच उघड दिसतं. २० ते २०,४८० हर्ट्झ म्हणजे दहा सप्तकं. सरळ रेषेत नॉब निम्मा फिरला की आपण १०,२५० वर, म्हणजे नऊ सप्तकं संपली! उरलेल्या अर्ध्या फेरीत एकच सप्तक. म्हणून बहुतेक सिंथेसायझर फिल्टरला पटीचंच माप आधीपासून लावून देतात. पण प्रत्येक ठिकाणी यंत्र अशी काळजी घेईलच असं नाही. तिथे रेषा आपण वाकवायची.

तीन आकार लक्षात ठेवा. पहिला, खाली झुकलेला. वर्ग केला तर अर्ध्या हालचालीला पाव बदल. चाकानं कंप हळूच आणायचा असेल तर हा बरा. दुसरा, वर फुगलेला. वर्गमूळ घेतलं तर अर्ध्याला शंभरातले ७१. हलक्या बोटांच्या माणसाला जड पट्ट्यांवर हा मदत करतो. तिसरा, दोन्ही टोकांना संथ. दौंडहून पाटसला थांबणारी पॅसेंजर आठवा. हळू सुटते, मध्ये वेग घेते, स्टेशन आलं की सावकाश टेकते. मींड पुष्कळदा अशीच जाते. पण रेषा कुठेही फार उभी करू नका. आकडे १२८च आहेत, त्यामुळे चढ उभा झाला की आवाजात पायऱ्या ऐकू येतात.

हा केवळ तांत्रिक खटाटोप नाही, बरं का. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमला बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. आक्षेप मुख्यतः दोन: स्वर ठरलेल्या जागी बांधलेले, आणि मींड निघत नाही. त्याआधीच, १९१०च्या पुस्तकात कृष्णाजी बल्लाळ देवलांनी २२ श्रुतींची मापं मांडली होती. स्वर कुठे असावा, हा त्यांचा शोध. या स्वरावरून त्या स्वरावर कसं जावं, हा आजचा प्रश्न. हार्मोनियमच्या पेटीत त्याला जागाच नव्हती. संगणकात ती आहे. व्हायटलसारख्या सिंथेसायझरात मॉड्युलेशनची रेषा माउसनं ओढता येते. तरी मुलं कारखान्यातून आलेली सरळ रेषा तशीच ठेवतात, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, यंत्रात जीव नाही. तो निवाडा घाईचा आहे. कुणाच्या तरी हिशेबाचं 'अर्धं' आपण न विचारता स्वीकारलेलं असतं.

अर्थात, एकदा ओढलेली रेषा दर वेळी तशीच वागते. गवई दरबारीतला गंधार दोनदा सारखा आंदोलत नाही. म्हणून रेषा मींड घेणार नाही. मींड घ्यायची ती हातानं. रेषेनं फक्त हाताच्या आड येऊ नये.

घरी करून बघा. चाक एकाच गोष्टीला जोडा. डोळे मिटून सावकाश फिरवा आणि कान 'अर्धं झालं' म्हणेल तिथे थांबा. आता आकडा पाहा. समजा ९० निघाला. मग आज ९०ला जेवढा बदल मिळतो तेवढा ६४लाच मिळेल, इतकं रेषेचं पोट वर उचला. पुन्हा डोळे मिटा, पुन्हा ऐका. दोन-चार फेऱ्यांत हात आणि कान यांचा हिशेब जुळू लागेल.