पिण्याची विहीर आणि विद्यापीठाचे संशोधन

महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत श्रावणात विहिरी तुडुंब भरतात आणि चैत्र लागताच त्याच गावांच्या वेशीवर टँकर उभा राहतो. पाऊस कमी पडला, हे त्याचे कारण प्रत्येक वेळी पुरेसे ठरत नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. तेथे पाऊस विपुल पडतो, आणि मुंबईस पाणी पुरविणारी तानसा व भातसा ही धरणे त्याच तालुक्यात आहेत. तरीही तेथील अनेक पाड्यांतील स्त्रियांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते. ह्याचा अर्थ एवढाच, की पाऊस पडणे निराळे आणि ते पाणी ज्येष्ठापर्यंत गावाच्या विहिरीत टिकणे निराळे. ह्या दोहोंमधील अंतर मोजण्याच्या कामी विद्यापीठे व संशोधन-संस्था यांचे साहाय्य गावांना होऊ शकते.

पाणी कोठे जाते?

राज्याचा बहुतेक भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. हा खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून तयार झाला. वाळूच्या थरात पाणी सर्वत्र साठते, तसे ह्या खडकात साठत नाही. ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधील सांध्यांत राहते. असा साठा मुळात थोडा, आणि त्यातूनही पाणी उताराकडे झिरपून ओढ्यास मिळत राहते. म्हणूनच शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एकीस बारमाही पाणी असते व दुसरी माघातच आटते. बंधारा बांधूनही पिण्याच्या विहिरीस त्याचा लाभ न झाल्याची उदाहरणे आढळतात. बहुधा तो बंधारा विहिरीच्या खालच्या अंगास असतो किंवा त्याचे पाणी निराळ्या थरात मुरते. कोणता थर कोठे उघडा पडतो आणि तो कोणत्या विहिरीस पाणी देतो, हे पाहण्याचे शास्त्र भूजलतज्ज्ञांपाशी आहे. १९७२ सालापासून राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे कार्य करीत आहे.

संस्था व गावे यांचे सहकार्य

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८५ साली ग्रामीण भागाकरिता एक स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. ‘सितारा’ ह्या नावाने ते परिचित आहे. ह्या केंद्राच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यांत टँकरग्रस्त गावांचा अभ्यास केला. २०१६ साली राज्य शासनाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू करून जिल्ह्याजिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांना अशा अभ्यासात सहभागी करून घेतले. पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातील सुमारे पाच हजार गावांसाठी जलताळेबंद मांडण्याची पद्धती ह्याच तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार करण्यात आली. पावसापैकी किती पाणी वाहून गेले, किती मातीत राहिले, किती पिकांनी घेतले आणि किती भूगर्भात मुरले, ह्याचा हा हिशेब होय.

हिशेब समजून घ्या

हा हिशेब अवघड नाही. एक हेक्टर क्षेत्रावर एक सेंटिमीटर पाणी उभे केले, तर ते एक लाख लिटर होते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या मानकाप्रमाणे दरमाणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले, तर एक हजार वस्तीच्या गावास वर्षाकाठी सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते.

आता पिकाकडे पाहू. एक हेक्टर उसास सुमारे २०० ते २५० सेंटिमीटर, म्हणजे दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. अवर्षणप्रवण भागात पावसाचा वाटा वजा जाताही त्यातील मोठा भाग विहिरीतूनच उपसावा लागतो. हरभऱ्यास २५ ते ३० सेंटिमीटर पुरते; म्हणजे तेवढ्याच पाण्यात सात-आठ हेक्टर हरभरा निघतो. हजार माणसांचे वर्षाचे पिण्याचे पाणी आणि एक हेक्टर ऊस यांचे माप जवळजवळ सारखे आहे, ही गोष्ट प्रत्येक ग्रामसभेत सांगितली गेली पाहिजे. ह्यात शेतकऱ्यास दोष देण्याचा हेतू नाही. त्यास पैसा मिळवून देणारे पीक हवे असते, आणि ते रास्तच आहे. परंतु पिण्याच्या विहिरीचे आणि शेतातील कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा एकाच थरातून येते, हे ध्यानात ठेवावयास हवे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटर अंतरात नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला होता. पुढे त्याची जागा घेणाऱ्या २००९ च्या भूजल कायद्यानेही पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम दिला आहे.

स्वच्छ दिसणारे पाणी

पाणी पुरेसे असले तरी ते पिण्याजोगे आहे काय, ही दुसरी बाब. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइड आढळते. एका लिटरात त्याचे प्रमाण एक मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. दुसरा उद्भवच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या ‘नीरी’ ह्या संस्थेने विकसित केली. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. विहिरीलगत उकिरडा असला किंवा शिवारात युरियाचा अतिरेक झाला, तर ते वाढते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. पिण्याच्या विहिरीची व शिवारातील चार-पाच विहिरींची पाण्याची पातळी दर महिन्यास एकाच तारखेला, शक्यतो पहाटे उपसा सुरू होण्यापूर्वी, वजन बांधलेल्या फितीने मोजून वहीत नोंदवावी.

२. गावात पर्जन्यमापक असल्यास रोजचा पाऊस लिहून ठेवावा. विद्यापीठाचा चमू चार दिवस राहून परत जातो. वर्षभराच्या नोंदी गावानेच ठेवावयाच्या असतात.

३. अभ्यासास येणाऱ्यांना जुन्या जाणत्या शेतकऱ्यांची व पाणी भरणाऱ्या स्त्रियांची भेट घालून द्यावी. कोणती विहीर कधी आटते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

४. अभ्यास संपताच त्याचे निष्कर्ष मराठीत लिहून मागावेत व ग्रामसभेत वाचून दाखवावेत. जो अहवाल गावात परत आला नाही, त्याचा गावास उपयोग नाही.

५. ऑक्टोबरमध्ये, रब्बीच्या पेरणीपूर्वी, जलताळेबंद मांडावा. त्यातून प्रथम माणसांचे, नंतर जनावरांचे पाणी बाजूस काढावे आणि उरलेल्या पाण्यावर पिकांची आखणी करावी. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने ही शिस्त पाळून दाखविली आहे.

संशोधक मोजमापाची रीत देईल, नकाशा देईल, खडकाची जात सांगेल. कोणाची कूपनलिका थांबवावयाची आणि कोणते पीक मागे घ्यावयाचे, हा निर्णय मात्र गावानेच एकत्र बसून करावयाचा आहे. तो चैत्रात करून भागत नाही. त्यावेळी पिके उभी असतात आणि विहीर आटलेली असते. म्हणून पेरणीपूर्वीच्या बैठकीस प्रत्येक खातेदाराने व प्रत्येक घरातील गृहिणीने उपस्थित राहावे आणि गावाच्या पाण्याचा हिशेब समजून घ्यावा.