जठर काढल्यानंतरचे जेवण

कर्करोगामुळे संपूर्ण जठर काढावे लागले, तरी माणूस जगतो, जेवतो, कामालाही लागतो. १८९७ साली झुरिकमध्ये कार्ल श्लाटर या शल्यविशारदाने हे दाखवून दिले. मात्र शरीराची घडी नव्याने बसवावी लागते.

जठर म्हणजे अन्नाचे कोठार. तेच नसले की अन्न, विशेषतः गोड आणि पातळ, एकदम लहान आतड्यात उतरते आणि रक्तातले पाणी तिकडे ओढले जाते. जेवणानंतर १० ते ३० मिनिटांत पोटात कळ, जुलाब, धडधड, घाम सुरू होतो. हा ‘डंपिंग सिंड्रोम’. काहींची साखर १ ते ३ तासांनी उतरते. चक्कर येते, हात थरथरतात. यासाठी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे, सावकाश चावून खावे. पाणी आणि ताक जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर प्यावे. सरबत, मिठाई टाळावी. डाळ, अंडी, पनीर वाढवावे.

दुसरा धोका दबक्या पावलांनी येतो. बी-१२ शोषण्यासाठी लागणारे प्रथिन जठरातच तयार होते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो. मग रक्तक्षय होतो, पायांना मुंग्या येतात, तोल जातो. मज्जातंतूंची ही हानी कायमची ठरू शकते. म्हणून बी-१२ची इंजेक्शने बरे वाटत असतानाही चुकवू नयेत. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वही डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासत राहावे.

घरच्यांनीही ताट भरून आग्रह करू नये. वाटीभर अन्न, पण वेळेवर, हीच खरी माया.