इन्सुलिनचे कार्य व सडपातळ शरीरातील मधुमेह : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेस भात-नाचणीचा डोंगरी भाग, तर पूर्वेस नारायणगाव-मंचर परिसरात ऊस, द्राक्षे व टोमॅटोची बागायत आहे. कष्टकरी, सडपातळ माणसाला मधुमेह होत नाही, हा समज अशा ग्रामीण भागात सहज रुजतो. इन्सुलिनच्या कार्याच्या आधारे तो तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

इन्सुलिनचे कार्य :
भात-भाकरीतील पिष्टमय पदार्थांपासून तयार झालेले ग्लुकोज रक्तात मिसळते. त्याचे प्रमाण वाढताच स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक स्रवतात. इन्सुलिनच्या संकेतामुळे स्नायू व मेदाच्या पेशींतील वाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत शिरते. यकृतात जादा ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपाने साठविले जाते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात बीटा पेशीच नष्ट होतात. दुसऱ्या प्रकारात पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. ही उणीव भरून काढण्यास बीटा पेशी असमर्थ ठरल्या, की रक्तशर्करा वाढते.

पुण्यातील संशोधन :
हा प्रतिरोध विशेषतः पोटातील मेदाशी निगडित असतो आणि तो मेद वजनकाट्यावर दिसत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील मेद अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होता. याचे मूळ गर्भावस्थेत असल्याचे संकेत पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासातून मिळाले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. खेड्यांतील बालकांचे स्नायू कमी होते. मेद मात्र त्या मानाने टिकून होता. ग्लुकोज वापरणारे स्नायूच कमी असल्यास इन्सुलिनवरील भार वाढतो, हे उघड आहे.

निष्कर्ष :
सडपातळपणा हे मधुमेहापासून संरक्षण नव्हे. म्हणून आरोग्य तपासणीत वजनाबरोबर कमरेचा घेर (पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंमीपेक्षा कमी असावा) व उपाशीपोटीची रक्तशर्करा पाहणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन शिबिरांत बारीक अंगकाठीच्या विद्यार्थ्यांना वगळू नये. तसेच विद्यार्थिनींच्या पोषणाकडे दिलेले लक्ष हा पुढील पिढीच्या मधुमेह-प्रतिबंधाचाही भाग ठरतो.