डुकराचं पित्त, माशाचं यकृत

मासा साफ करताना सराईत हातही एका जागी सावध होतो. यकृताला चिकटलेली ती गडद हिरवी पित्ताची पिशवी फुटली, की आख्खा मासा कडू. ती अलगद काढायची आणि फेकून द्यायची, हीच रीत. आणि हाच फेकायचा ऐवज आज जनावरांपासून काढून, शुद्ध करून, माशांच्या खाद्यात मुद्दाम मिसळला जातो!

त्याची गरज का पडली, हे चीनच्या तळ्यांत पाहावं. तिथे लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला शिकारी मासा मोठ्या प्रमाणावर पाळतात. निसर्गात तो जिवंत भक्ष्य गिळतो; पिष्टमय अन्नाशी त्याचा संबंध जवळजवळ येतच नाही. तळ्यात मात्र त्याच्या वाट्याला कारखान्यातली गोळी येते. ती फुगून पाण्यावर तरंगायची, तर तिच्यात स्टार्च हवाच. शिवाय महागडी प्रथिनं वाचवायला तेलही सढळ हाताने घालतात. हे सगळं त्याला पेलत नाही. चरबी यकृतात साचते, आणि लालसर, घट्ट यकृत फिकट, पिवळट, ठिसूळ होतं.

इथे पित्तातली आम्लं, म्हणजे पित्ताम्लं, कामाला येतात. यकृत ती कोलेस्टेरॉलपासून बनवतं. त्यांच्या रेणूची एक बाजू पाण्याला धरते, दुसरी तेलाला. भांडी घासायच्या साबणासारखी. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब होतात आणि पचन सोपं जातं. त्यांची रचना उलगडण्याच्या कामासाठी हाइनरिख वीलांड यांना १९२७ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण बराच काळ ‘चरबी पचवणारा रस’ यापलीकडे पित्ताची फारशी किंमत कुणी केली नाही.

खरं नवल १९९९ साली कळलं. पेशीत एफएक्सआर नावाचं एक प्रथिन आहे. ते नक्की कुणाच्या इशाऱ्यावर चालतं, याचा पत्ता लागत नव्हता. तो इशारा पित्ताम्लांचा निघाला! पित्ताम्ल येऊन चिकटलं, की हे प्रथिन जनुकांपर्यंत निरोप पोचवतं: नवी चरबी बनवणं आवरा, नवं पित्तही पुरे. हे प्रथिन माणसात आहे, उंदरात आहे आणि माशातही आहे.

गवत्या माशाची (ग्रास कार्प) गोष्ट तर त्याहून अजब. त्याच्या स्वतःच्या पित्तात पित्ताम्लं मुख्य नसतातच; मुख्य असतो सायप्रिनॉल सल्फेट हा २७ कार्बनांचा वेगळाच रेणू. खाद्यात घालतात ती बहुधा डुकराची, २४ कार्बनांची पित्ताम्लं. तरीही खाद्यातल्या थोड्याशा मात्रेवर त्याच्या अंगातली चरबी घटल्याचे प्रयोग आहेत. परक्या प्राण्याचा निरोप या माशालाही कळतो, असं दिसतं.

अर्थात मात्रा चुकली, तर हाच साबण पेशींची आवरणंही विरघळवतो. आणि खाद्यच माशाला न मानवणारं असेल, तर पित्ताम्लं ही फार तर मलमपट्टी.

जाता जाता एक कळकळीची सूचना. मधुमेहावर किंवा डोळ्यांसाठी औषध म्हणून रोहू, गवत्या अशा माशांचं पित्त गिळणारे लोक आपल्या देशातही आहेत. त्याने मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं डायलिसिसवर गेली आहेत. पित्त शिजवलं तरी त्यातलं विष जात नाही. तेव्हा ती हिरवी पिशवी फेकूनच द्या.